जाऊन येतों

त्यागराजराव एकाच क्रियापदावर आठवडा काढायचे, आणि ते क्रियापद म्हणजे 'गो'.

तंजावरच्या जुन्या बसस्टँडसमोर चपलांच्या दुकानावर एक माडी होती. तिथं स्पोकन इंग्लिशचा क्लास चालायचा. त्या वर्षांत अशा क्लासांचं नुसतं पेव फुटलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उगवले होते, घरांच्या डोक्यावरून केबलच्या तारा चालल्या होत्या, आणि ज्याला त्याला बंगळूर नाहीतर सिंगापूर गाठायचं होतं. गाठायचं तर इंग्रजी पाहिजे, आणि इंग्रजी पाहिजे तर त्यागराज सार पाहिजेत, असं गाव म्हणायचं. आता गाव म्हणतं ते सगळंच काही खरं नसतं, पण हे खरं होतं. सरकारी शाळेतून रिटायर झालेला विधुर माणूस, एकुलती एक मुलगी कोइमत्तूरला दिलेली, घरात एकटाच. कपाळाला गंध, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि इंग्रजी अशी लख्ख की घासून ठेवलेलं पितळेचं भांडं.

ते म्हणायचे, बाकीची क्रियापदं मग बघू, एका 'गो'वर माणूस अख्खा जन्म काढू शकतो. मग फळ्यावर खडू चालायचा. दूध नासलं, द मिल्क हॅज गॉन बॅड. शाळेची घंटा झाली, द बेल वेंट. दिवे गेले, द लाइट्स वेंट आउट. केस पिकले तरी गो, डोकं फिरलं तरी गो, कसं काय चाललंय विचारायचं तरी गो. हा टंबलर कुठं ठेवायचा? इट गोज हिअर. पोरं हसायची. म्हणायची, सार, हा इंग्रज माणूस बसल्या जागी सारखा जातच असतो.

"आणि मेला तर, सार?" आपल्यातलाच, म्हणजे तंजावरच्या मराठी घरातलाच, मुरलीकृष्ण म्हणून एक अतिशहाणा पहिल्या बाकावर बसायचा, त्याचा हा प्रश्न.

"ही इज गॉन." सार खडू खाली ठेवायचे. "गो, वेंट, गॉन. त्याच्यापुढें रूप नाहीं."

सारांची खरी लढाई सुरू व्हायची ती क्लास सुटल्यावर. प्रत्येक पोर दारात थांबून म्हणायचं, "आय विल गो अँड कम, सार." त्यांचा तरी काय दोष? तंजावरात 'जातो' म्हणून कुणी उंबरा ओलांडत नाही. तमिळ माणूस 'पोयिट्टु वरेन' म्हणतो, आपली माणसं 'जाऊन येतों' म्हणतात, आणि मागं राहणाऱ्यानं 'या' म्हटलं की मग पाऊल उचलायचं. न सांगता, न बोलता घरातून एकच जण जातो, आणि त्याला चौघे उचलून नेतात. तीच रीत पोरं इंग्रजीत चालवायची आणि सार कपाळाला हात लावायचे. "गो अँड कम काय? आय अॅम गोइंग म्हणां. इंग्रजींत जाणाऱ्याला परत यायचें वचन द्यावें लागत नाहीं." पोरं मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या. त्यात जननी सगळ्यांत हट्टी. तिच्या तोंडून 'आय अॅम गोइंग' कधी निघालंच नाही.

"भीति वाटते, मामा," म्हणायची. क्लासात सगळे त्यांना सार म्हणत, ही एकटी मामा म्हणे, कारण ही वेंकटरावांची मुलगी.

वेंकटराव म्हणजे सारांचा जिवाभावाचा दोस्त. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत वेंकटरावांचं घर, सारांचं दोन गल्ल्या सोडून. वेंकटराव पापनाशमला तालुका कचेरीत कारकून होते. सकाळी सायकलवर स्टेशन, तिथून पॅसेंजर, संध्याकाळी उलट वाट. त्यांच्या सायकलीचं चेनकव्हर ढिलं होतं, ते प्रत्येक फेऱ्याला खट खट वाजायचं. माणूस दिसायच्या आधी गल्लीला ऐकू यायचा. दुरुस्त कर बाबा म्हणून गल्लीनं जीव काढला, पण ऐकेल तो वेंकटराव कसला. आणि त्या सायकलीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही, हवासुद्धा स्वतः भरायचे.

क्लास सुटला की सार स्वतःच्या घरी जायचेच नाहीत. थेट वेंकटरावांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून बसायचे. आतून कमलाक्षी वहिनी कॉफी पाठवायच्या. दोघे दोस्त गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. दिवेलागण झाली की सार उठायचे, चपलांत पाय घालायचे आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणायचे, "जाऊन येतों." आतून वहिनी म्हणायच्या, "या." वर्षानुवर्षं हेच.

वेंकटराव चिडवायचे. "काय रे त्यागू, पोरांना आय अॅम गोइंग, आणि माझ्या दारांत जाऊन येतों?"

"तुझ्या दारांत मी इंग्रज नाहीं, वेंकटा."

एका सकाळी वेंकटराव पापनाशमच्या फलाटावर उतरले, बाकावर टेकले, आणि उठलेच नाहीत. दुपारी टॅक्सीतून घरी आणलं. सारांनी खांदा दिला, घाटावर उभे राहिले, सगळं केलं, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. रडायला सुद्धा वेंकटाच्याच तिण्णैवर बसायची सवय होती, आता कुठं बसणार?

सुतकाच्या घराची रीत वेगळी. तिथं गेलेल्यानं बसायचं, दोन शब्द बोलायचे किंवा तेही नाही, आणि उठायचं ते मान खाली घालून, न सांगता. 'येतों' म्हणायचं नाही. म्हटलं की यावं लागतं, आणि अशा घरी पुन्हा यावं लागणं म्हणजे काय, ते शेंबडं पोरही सांगेल. सारांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्यांचा जन्म त्यात गेला. पण दोस्ताला जाळून दोन-तीन दिवस झालेले, डोकं ठिकाणावर नाही, अंग आपलं सवयीवर चाललेलं. तिण्णैवर पुरुषमंडळी गप्प बसली होती. सार आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून. दिवेलागण झाली. सार उठले, चपलांत पाय घातले, आतल्या बाजूला तोंड केलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "जाऊन येतों."

आणि आतून, तितक्याच सवयीनं, वहिनींचा आवाज आला, "या."

तिण्णैवर कुणी हललं नाही. वेंकटरावांचे चुलते सांबशिवराव कोपऱ्यात बसले होते, पिकलं पान, पण जीभ धारदार. ते हळूच म्हणाले, "काय हें सार? कशाला येणार पुन्हां? आणि कुणासाठीं?"

सार तसेच चालू लागले. घरी येऊन त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. बोललेला शब्द काही चूळ भरून जात नाही.

आता इंग्रजीत हा माणूस कुणाच्या बापाला भीत नव्हता. इंग्रजीत तो म्हणाला असता, नॉनसेन्स. पण भीती कुठं इंग्रजीत वाटते? ती आईच्या भाषेत वाटते. रात्रंदिवस एकच हिशेब त्यांच्या डोक्यात घोळू लागला. आपण येतो म्हणालो, वहिनी या म्हणाल्या, म्हणजे बोलणं पक्कं झालं. आता आपलं पाऊल त्या घरात पडलं की त्या घरातलं कुणीतरी जाणार. आणि त्या घरात उरलंय कोण? वहिनी आणि जननी. तेव्हा उपाय एकच, जायचंच नाही. आपण गेलो नाही तर शब्द खरा होणार नाही. दहाव्याला गेले नाहीत, तेराव्याला गेले नाहीत. अंगात कणकण आहे म्हणून निरोप धाडला. क्लासला जातानासुद्धा ती गल्ली टाळून राजवाड्याच्या तटाला वळसा घालून जाऊ लागले.

आणि त्या घराची आठवण तर अशी यायची की जीव कासावीस व्हायचा. कॉफीची वेळ झाली की घसा आपोआप कोरडा पडायचा. जननी क्लासला येईनाशी झाली होती. विधवेच्या रीतीप्रमाणं वर्ष सरेपर्यंत वहिनींना उंबरा ओलांडता येत नव्हता. वाटेत एकदा एक ओळखीची बाई म्हणाली, "सार, कमलाक्षी तुमची वाट बघत्ये, म्हणत होती कीं आले नाहींत." सार म्हणाले, "जाईन." येईन म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.

मग ती खटखट सुरू झाली.

संध्याकाळची वेळ. सार देवापुढं दिवा लावून पुढच्या खोलीत येत होते. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. खट, खट, खट. सारांच्या हातातली काड्यापेटी पडली. तो आवाज त्यांनी इतकी वर्षं ऐकला होता की हजार सायकलींतून त्यांनी तो ओळखला असता. खटखट जवळ आली, त्यांच्या फाटकापाशी थांबली. कुणी हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. नुसतं कुणीतरी उभं असल्याचं कळत होतं, आपल्या दाराकडं कुणी टक लावून बघत असलं की कळतं तसं. बऱ्याच वेळानं खटखट पुन्हा सुरू झाली आणि लांब गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक-दोन दिवस नाही, मग पुन्हा. वेळ ठरलेली, दिवेलागणीची, जेव्हा सार त्या तिण्णैवर असायचे. सारांना वेगळं सांगायला नको होतं. वेंकटा न्यायला येत होता. येतों म्हणालास ना त्यागू? मग चल की. दोस्ताचा आवाज त्यांना आतल्या आत ऐकू यायचा, आणि तो रागावलेला नसायचा, हेच जास्त वाईट. दिवेलागण जवळ आली की सार दार लावून घ्यायचे. पुढचा दिवा लावायचे नाहीत. अंधारात खुर्चीवर बसून राहायचे, श्वास धरून. ज्या दोस्ताच्या पायरवानं जन्मभर बरं वाटलं, त्याच्या भीतीनं आता घाम फुटायचा, आणि आपण त्याला भितोय याची लाज वाटायची ती वेगळीच.

क्लासात 'गो'चा आठवडा आला. सारांनी तो दोन दिवसांत उरकला. मुरलीकृष्णानं विचारलं, "आणि मेला तर, सार?" सार म्हणाले, "नेक्स्ट चॅप्टर." पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

शेवटी एका संध्याकाळी सारांचं धैर्य खचलं, का एकवटलं, देव जाणे. खटखट फाटकापाशी येऊन थांबली होती. बंद दाराआड उभं राहून सारांना वाटलं, मराठीत बोललो तर पुन्हा कुठल्या तरी शब्दात अडकू. इंग्रजीत अडकणं नाही. ते दाराला तोंड लावून म्हणाले, "गो." मग मोठ्यानं म्हणाले, "गो. प्लीज. गो अवे."

बाहेर काहीतरी जरासं हललं. मग खटखट निघाली. या वेळी घाईघाईनं, गल्लीच्या टोकापर्यंत आणि पलीकडं.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. सारांना हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की क्लासात त्यांनी 'गो' पुन्हा काढला आणि फळा भरून टाकला. आपणच शिकवलेलं क्रियापद आपल्या कामी आलं म्हणून त्यांना जरा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. पुढचा दिवा ते पुन्हा लावू लागले. वहिनींकडं मात्र गेले नाहीत. झाकली मूठ कशाला उघडा?

कार्तिकाचे दिवस होते. एका संध्याकाळी सार फाटकापाशी कडेच्या कोनाड्यात पणती ठेवत होते, आणि गल्लीच्या तोंडाशी खट झालं. खट, खट, खट. हळू, अगदी हळू, दमलेल्या माणसासारखं. सारांनी वर बघितलं नाही. पणती तशीच टाकून ते आत पळाले आणि दाराला कडी घातली. आवाज फाटकापाशी आला. थांबला. त्यांनी 'गो' म्हणून बघितलं, कुजबुजत, मग मोठ्यानं. आवाज गेला नाही. किती तरी वेळ थांबून राहिला. केव्हा गेला ते सारांना कळलं नाही.

सकाळी दारावर थाप पडली. मुरलीकृष्ण होता. केस विस्कटलेले, पायात चपला नाहीत.

"सार, वेंकटराव मामांच्या घरून आलों. कमलाक्षी मामी पहांटे गेल्या."

सार कसे चालत गेले ते त्यांना आठवत नाही. तीच गल्ली, तीच तिण्णै, तेच सांबशिवराव कोपऱ्यात. त्यांनी सारांकडं बघितलं आणि मान फिरवली. म्हणाला होतात ना येतों म्हणून, आलांत, असं ते बोलले नाहीत, पण ते न बोललेलं सारांच्या काळजात घुसलं. शब्द खरा झाला होता. सारांनी पाऊल टाकायच्या आधीच खरा झाला होता. मग इतके दिवस आपण टाळलं ते काय?

घाटावरून परतल्यावर मंडळी तिण्णैवर बसली. सार बाहेरच उभे होते. दाराच्या आत उंबऱ्याला टेकून जननी बसली होती, वाळून काडी झालेली. तिनं त्यांना बघितलं. उठली नाही.

"मामा, आंत या."

सार आत गेले, तिच्यासमोर जमिनीवर बसले.

जननीच बोलली. ती रडत नव्हती, रडून झालेलं होतं. "अम्मा तुमच्यासाठीं रोज कॉफी करून ठेवायची. मी म्हणायचें, अम्मा, ते येत नाहींत, कशाला करतेस. ती म्हणायची, एवढे लोक आले आणि न सांगतां उठून गेले. रीत आहे, मला ठाऊक आहे. पण किती वाईट वाटलें म्हणून सांगूं, सगळे मान खालीं घालून जातात, कुणी मागें बघत नाहीं. एकटे सार येतों म्हणून गेले. एक माणूस तरी परत येणार."

जननी पुढं सांगू लागली.

"दिवेलागण झाली कीं कॉफी ओतून टाकायची आणि मला म्हणायची, जाऊन बघ गे, सारांना बरें नसेल. मी अप्पांची सायकल घेऊन यायचें. ती म्हणायची, आपल्या घरीं सुतक झालें आहे, वर्ष सरलें नाहीं, दिव्याच्या वेळीं कुणाच्या पायरीवर चढूं नकों, हाक मारूं नकों, फाटकाशीं उभी राहा, ते बघतील. मी उभी राहायचें, मामा. दार बंद. दिवा नाहीं. पण चपला बाहेर असायच्या."

"जननी," सार म्हणाले.

"मग एक दिवस तुम्ही आंतून म्हणलांत. गो. गो अवे." तिनं पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला. "तें मी अम्माला सांगितलें नाहीं. सांगितलें कीं सार मुलीकडे कोइमत्तूरला गेले आहेत, आले कीं येतील. मग ती गप्प झाली. ताप आला तेव्हांही कुणाला सांगूं दिलें नाहीं. म्हणाली, दोन दिवसांत सार येतील, ते बघतील डॉक्टर."

सारांना वाटलं, जमीन फाटावी. ज्या शब्दाला मरण समजून ते दडून बसले होते, त्या एका शब्दावर ती बाई दिवस काढत होती. त्यांनी तो परत घेतला, आणि घेतला तो पोरीच्या तोंडावर दार लावून. त्यांनी विचारलं, "आणि काल संध्याकाळीं आलीस, तेव्हां तरी हाक कां मारली नाहींस?"

"काल?" जननी त्यांच्याकडं बघत राहिली. "काल मी अम्माच्या उशाशीं होतें, मामा. तुम्ही गो म्हणलांत, त्याच्यानंतर मी आलेंच नाहीं. सायकल तेव्हांपासून तिथेंच आहे."

सारांनी मान वळवली. न्हाणीघराच्या भिंतीला वेंकटाची सायकल टेकली होती. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, चेन उतरून खाली लोंबत होती, आणि सीटवर धुळीचा थर. ते तिच्याकडं बघत बसले. काल वेंकटा आला होता. न्यायला नव्हता आला, सांगायला आला होता. रात्र जायची होती, वहिनी जिवंत होत्या, डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता, आणि फाटकाशी दोस्त ताटकळत उभा असताना हा माणूस कडी घालून आत बसला होता. सारांच्या डोळ्यांना धार लागली. वेंकटा गेल्यापासून न आलेलं पाणी सगळं त्या वेळी आलं. जननीनं त्यांना रडू दिलं.

बाहेर दिवेलागण झाली. मंडळी एकेक करून उठली, मान खाली घालून, न सांगता. जननीची आत्या आत दिवा लावायला गेली. सार उठले, बाहेर आले, चपलांत पाय घातले. सांबशिवराव त्यांच्या तोंडाकडंच बघत होते. मागं राहिलेले दोघे-तिघेही बघत होते.

सारांनी आतल्या बाजूला तोंड केलं. आवाज आत पोचेल एवढा होता.

"जननी, जाऊन येतों."

सांबशिवराव काठी टेकत उठू लागले. "सार, शहाणे ना तुम्ही? पुन्हां?"

"होय, पुन्हां. उद्यां."

आतून उत्तर आलं नाही. सार उंबऱ्याबाहेर उभे राहिले. 'या' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही ही रीत, आणि 'या' येईना. मग जननीचा आवाज आला, अगदी बारीक. "तसें म्हणूं नका, मामा. अम्माला म्हणलांत तसें मला नकों. नुसतें जा."

सार गेले. काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लास लवकर सोडला. मुरलीकृष्ण दारात थांबून म्हणाला, "आय विल गो अँड कम, सार," आणि जीभ चावली. सारांनी त्याच्याकडं बघितलं. "कम," म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत. मग राजवाड्याच्या तटाचा वळसा न घेता सरळ त्या गल्लीत शिरले. वेंकटरावांचं दार बंद होतं. पुढचा दिवा नव्हता. जननीच्या चपला बाहेर होत्या. सार पायरी चढले नाहीत, हाक मारली नाही. फाटकाशी उभे राहिले, ती उभी राहायची तसे. अंधार पडला, डास चावू लागले, पाय भरून आले. मग परत फिरले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही. गल्ली बघत होती. म्हातारा चळला, म्हणून सांबशिवरावांनी चारचौघांत सांगितलं. सार रोज उभे राहायचे आणि मागून खटखट येईल म्हणून कान द्यायचे. आता ती आली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, सोबत झाली असती. पण ती काही पुन्हा आली नाही.

कार्तिक संपला तेव्हाची गोष्ट. सार नेहमीसारखे जाऊन फाटकाशी उभे राहिले आणि बघतात तर पुढचा दिवा लागलेला, दार अर्धं उघडं, आणि आतून कॉफीचा वास. तिण्णैवर त्यांच्या जागेपाशी, भिंतीला लागून, एक टंबलर ठेवलेला होता.

सार तरीही जागचे हलले नाहीत. आतून कुणी बोलेपर्यंत हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, सगळा जन्म उभं राहावं लागलं तरी.

"या, मामा," जननी म्हणाली.